दगड थकतो, संशोधक थकत नाहीत

चुन्याने कार्बन पकडण्याची अधिकृत गोष्ट एव्हाना सगळ्यांच्या वाचनात आली आहे. चुनखडी तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हाती कळीचा चुना उरतो. हा चुना धुरांड्यातल्या वायूत नेला की तो तिथला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. पुन्हा तापवा, पुन्हा वापरा. दगड मुबलक, स्वस्त आणि बिनविषारी. परिषदेतल्या पहिल्याच स्लाइडवर गोल फिरणारा एक बाण असतो आणि सभागृह माना डोलावते. आम्ही सांगणार आहोत ते त्या बाणामागचे किस्से. हे चहाच्या सुट्टीत रंगतात, इतिवृत्तात येत नाहीत.

सुरुवात मुतखड्यापासून करावी लागते. १७३९ मध्ये ब्रिटिश संसदेने जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंना तब्बल ५,००० पौंड मंजूर केले. मुतखडा विरघळवणारे गुप्त औषध आपल्याकडे आहे, असा बाईंचा दावा होता. पैसे मंजूर झाल्यावर कृती जाहीर झाली. अंड्यांची टरफले आणि गोगलगायींचे शंख भाजून केलेली पूड, थोडा झाडपाला, साबण आणि मध. संसदेने एवढ्या थाटाने जे विकत घेतले, त्यातला मुख्य ऐवज होता चुना! तरीही डॉक्टरमंडळी चुन्याच्या निवळीमागे लागली ती लागलीच.

त्यातून एडिंबरा विद्यापीठात दोन प्राध्यापकांची जुंपली. रॉबर्ट व्हिट यांच्या मते कालवांच्या शिंपल्यांचा चुना श्रेष्ठ, तर चार्ल्स आल्स्टन यांच्या मते साधा दगडाचा. जोसेफ ब्लॅक हा तरुण तेव्हा तिथे डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी विषय शोधत होता. त्याला खरे तर चुन्यावरच काम करायचे होते, पण एकाची बाजू घेतली तर दुसरे गुरुजी रुसणार. त्याने शहाणपणाने मॅग्नेशिया हा निरुपद्रवी विषय निवडला आणि १७५४ मध्ये प्रबंध सादर करून मोकळा झाला. पदवी खिशात पडल्यावर १७५६ च्या निबंधात चुना हळूच आत आला. दगड तापवला की त्यातून एक ‘स्थिर हवा’ निघून जाते आणि तीच परत घेतली की चुन्याचा पुन्हा दगड होतो, हे त्याने वजने करून दाखवले. आज जिच्यामागे सारे जग लागले आहे ती ही हवा. तिचा शोध लागला तो दोन गुरुजींचा राग चुकवताना.

आता तीच हवा चुन्याला कशी लागते ते बघायला डोंगरकड्याला येऊ. कळमनुरी तालुक्यातले हे गाव नांदेड-हिंगोली रस्त्यावर आहे. परिसर केळी, हळद आणि उसाचा. ऊस आला म्हणजे साखर कारखाना आला आणि कारखाना आला म्हणजे उसाचा रस शुद्ध करायला चुना आला. साखर कारखान्याच्या केमिस्टला विचारा, त्याचा सगळ्यात मोठा ताप कोणता? गोदामात हवेला लागलेला चुना. पोत्याचे तोंड सैल राहिले, दिवस पावसाळी असले, की कळ्या फुटून त्यांची पूड होते. पूड हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते. पोते वजनाला भरते आणि गुणाला उतरते. ओळखायची खूण सोपी. ताज्या चुन्यावर आम्लाचा थेंब टाकला तर फेस येत नाही. हवेला लागलेल्यावर टाकला की फसफसतो. तो फेस म्हणजे पकडलेला कार्बन. केमिस्ट त्यावर ‘माल मेला’ असा शेरा मारतो आणि पोते परत पाठवण्याच्या गोष्टी करतो. याच प्रकाराला कॅलिफोर्नियात ‘हवेतून थेट कार्बन पकडणे’ म्हणतात आणि त्यासाठी गुंतवणूकदार रांगेत उभे असतात.

अर्थात केमिस्टचेही चुकत नाही. त्या चुन्याने गोदामात जितका कार्बन पकडला, तितका तो भाजताना भट्टीवाल्याने आधीच हवेत सोडला होता, वर भट्टीत जाळलेल्या इंधनाचा धूर वेगळा. म्हणजे हिशेब फार तर शून्यावर येतो आणि इंधन धरले तर तोट्यात जातो. या विषयातली खरी मेख इथे आहे. चुना कार्बन पकडतो यात कसले आले कौतुक? भट्टीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड कोंडून, दाबून कुठे तरी कायमचा ठेवता आला, तरच खेळाला अर्थ. स्लाइडवरच्या बाणात ही भट्टी एका छोट्या चौकोनात उरकलेली असते.

याच डोंगरकड्याच्या काळ्या जमिनीत आणखी एक किस्सा पुरलेला आहे. इथला खडक बेसाल्ट, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. चुनखडीची खाण इथे शोधूनही सापडणार नाही. तरीही माती परीक्षणाच्या अहवालात ‘मुक्त चुनखडी’ असा रकाना असतो आणि तो भरलेला निघाला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. मुक्त चुनखडी वाढली की पिकाला लोह मिळेनासे होते, पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही चुनखडी आली कुठून? बेसाल्ट झिजताना त्यातले कॅल्शियम सुटते, ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळते आणि कोरड्या हवामानात मातीतच खडे होऊन बसते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या खड्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे आणि ते त्याला जमिनीचा बिघाड मानतात. इथे भट्टी नाही, त्यामुळे हिशेब शून्यावर येत नाही. कॅल्शियम पाषाणातले, कार्बन हवेतला, शिल्लक जमिनीत. सगळ्या कहाणीतले हे एकमेव प्रामाणिक कार्बन-पकडणे, आणि ते नको म्हणून शेतकरी कृषी सहायकाकडे जातो.

यंत्रांच्या जगात चुना शिरला तो १८६७ मध्ये. द्यु मोते आणि मारेशाल या जोडीने कोळशापासून वायू तयार करताना चुना वापरायची युक्ती काढली. शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, अमेरिकेत साउथ डकोटातल्या रॅपिड सिटी इथे तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. लिग्नाइटपासून इंधनवायू बनवायचा आणि मधला कार्बन डायऑक्साइड चुनखडीने किंवा डोलोमाइटने उचलायचा. चुना थकतो, झिजतो, त्याचा भुगा होतो, ही सगळी रडगाणी तिथे पहिल्यांदा मोठ्या आवाजात ऐकू आली. उचललेल्या कार्बनचे पुढे काय केले? पुनर्वापरासाठी चुना तापवताना तो खुशाल धुरांड्यातून सोडून दिला. तेव्हा गिऱ्हाईक होते वायूला. कार्बन डायऑक्साइडला कोणी विचारत नव्हते.

थकव्याचे पहिले रीतसर पंचनामे आर. बार्कर यांनी १९७३ मध्ये केले. चुनखडी तापवायची, कार्बन पाजायचा, पुन्हा तापवायची. प्रत्येक फेरीत ती आधीपेक्षा कमी पिते, हे त्यांनी नोंदवले. पुढच्याच वर्षी त्यांनी तोडही काढली. १० नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्याला काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण घेतले आणि ३० फेऱ्यांनंतरही ९३ टक्के क्षमता टिकवली. आजही कोणी नवा पदार्थ घेऊन आला की एखादा खवचट परीक्षक विचारतो, बार्करपेक्षा वेगळे काय? यातल्या दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. बार्कर यांच्या त्या प्रयोगात एकेका फेरीत कार्बन प्यायला २४ तास दिलेले होते. आणि त्यांचा मूळ हेतू कार्बन पकडणे हा नव्हताच, त्यांना उष्णता साठवायची होती.

दगड थकतो तो का, हेही पडद्यामागून पाहण्यासारखे आहे. १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ४४ ग्रॅम वायू जातो आणि ५६ ग्रॅम चुना राहतो. जिथून वायू गेला तिथे बारीक छिद्रे पडतात, आणि चुन्याचा सगळा पराक्रम या छिद्रांच्या जोरावर. कार्बन पकडताना चुना फुगतो. १६.७ घन सेंटीमीटरचा मामला ३६.९ वर जातो. छिद्राच्या भिंतीवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर बसला की दार बंद होते आणि आतला चुना कोराच राहतो. परत भाजायला ९०० अंशांच्या वर न्यावे लागते. त्या उष्णतेत कण एकमेकांना चिकटतात, बारीक छिद्रे मिटतात, मोठी तेवढी उरतात. म्हणजे ज्या भट्टीने चुन्याला कामाला लावायचे, तीच भट्टी त्याला निकामी करते.

१९९९ मध्ये जपानचे शिमिझू आणि त्यांचे सहकारी यांनी दोन भांड्यांची आजची मांडणी सुचवली. एका भांड्यात ६५० अंशांच्या आसपास चुन्याला धुरातला कार्बन पकडू द्यायचा, दुसऱ्यात तो तापवून शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा. झाले, प्रत्येक देशाला वाटू लागले की आपल्या मातीतला दगड काही औरच. नमुने भाजले गेले, आलेख काढले गेले. स्पेनमधल्या ग्रासा आणि अबानादेस यांनी तर ५०० फेऱ्यांपर्यंत मजल मारली. त्यांचा २००६ चा निष्कर्ष सगळ्यांचा स्वाभिमान दुखावणारा निघाला. दगड कुठल्याही गावचा असो, उतरणीची रेषा जवळपास सारखीच, आणि शेवटी क्षमता सात-आठ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. किलोभर कोरा चुना कागदावर ७८५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पकडू शकतो. पाचशे फेऱ्यांचा म्हातारा साठेक ग्रॅमवर थांबतो. पुढे मात्र तो तेवढे इमानाने पकडत राहतो. दगडालाही पेन्शन असते, हे त्या आलेखाने सिद्ध केले.

मग सुरू झाला दगड सुधारण्याचा उद्योग. त्याचे रणांगण म्हणजे थर्मोबॅलन्स, तापत्या भट्टीत टांगलेला नाजूक तराजू. वाटीत चिमूटभर, दहा-वीस मिलिग्रॅम नमुना ठेवायचा आणि वजन चढते-उतरते ते पाहायचे. नव्या विद्यार्थ्याची इथे हमखास फजिती ठरलेली. भट्टी तापते तसा वायू विरळ होतो, त्याचा वर उचलणारा जोर घटतो आणि वाटी जड झाल्याचे पडद्यावर दिसते. वाटीत काहीही नसले तरी! म्हणून रिकाम्या वाटीची फेरी आधी घेऊन ती वजा करायची असते. ती गाळली, तर निखळ शून्यालाही कार्बन पकडता येतो. असा शोध पहिल्यांदा लागतो तेव्हा प्रयोगशाळेत पेढे येतात, आणि सर पेढा खाऊन झाल्यावरच रिकाम्या वाटीबद्दल विचारतात.

पावसाळ्यातली गंमत वेगळी. मुंबई-पुण्याच्या जुलैत चुन्याची बाटली रात्रभर उघडी राहिली की सकाळी वजन वाढलेले असते. विद्यार्थी खूश, काहीही न तापवता कार्बन पकडला! नमुना तराजूवर चढतो, तापमान वाढू लागते आणि चारशेच्या पुढे वजन धाडकन खाली येते. कार्बन डायऑक्साइड इतक्या लवकर जागा सोडत नाही, त्याला सातशेच्या आसपास तरी न्यावे लागते. चारशे-साडेचारशेला सुटते ते पाणी. रात्रभर पकडला गेला होता तो पाऊस.

तिसरी गंमत नुसती गंमत नाही, ती चलाखीच्या सीमेवरची आहे. प्रत्यक्ष कारखान्यात चुना भाजायचा तो कार्बन डायऑक्साइडच्याच कोंडलेल्या वातावरणात, ९०० ते ९५० अंशांवर. तसे केले तरच दुसऱ्या टोकाला शुद्ध वायू हाती येतो. पण त्या वातावरणात दगड सर्वांत लवकर थकतो. तराजूवर मात्र नायट्रोजनच्या मंद झुळकीत, कमी तापमानाला हळुवार भाजता येते. असे लाडाने वागवलेले पदार्थ पन्नास फेऱ्यांनंतरही ताजेतवाने दिसतात आणि शोधनिबंधाच्या सारांशात मिरवतात. कुठल्या वायूत भाजले, ते बिचारे कार्यपद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत अंग चोरून बसलेले असते.

मिठाचा किस्सा या तराजूचा सगळा तोरा उतरवणारा. साधे मीठ थोडे मिसळले की चुनखडी जास्त फेऱ्या टिकते, असे २००३ च्या सुमारास कॅनडा आणि स्पेनच्या संशोधकांच्या एका चमूला दिसले. याहून स्वस्त सुधारणा कोणती! तोच माल मग फ्लुइडाइज्ड बेडमध्ये, म्हणजे खालून वायूचा झोत सोडून कण उकळत्या पाण्यासारखे खेळवणाऱ्या भांड्यात गेला. तिथे सुधारणा गायब. तराजूवरचा हिरो मैदानात शून्यावर बाद. चमूचे मोठेपण असे की त्यांनी हे दोन्ही निकाल एकाच निबंधात छापले.

पुढचा उपाय आपल्या गवंड्यांनाही सुचला असता. थकलेला चुना पाण्याने किंवा वाफेने विरवायचा. चुना विरला की फुटतो, नवी छिद्रे पडतात आणि गेलेली ताकद परत येते. तराजूवर निकाल झकास. पण विरलेला कण ठिसूळ होतो, भांड्यात घासला जातो आणि भुगा होऊन वायूबरोबर उडून जातो. औषध लागू पडले आणि रोगीच हवेत विरघळला.

ओटावाच्या कॅनमेट प्रयोगशाळेत वासिलिये मानोविच आणि बेन अँथनी यांनी उलटा डाव टाकला. चुनखडीला वापरण्याआधीच कडक भाजून काढायचे. पहिल्या काही फेऱ्यांत ती दुबळी दिसते, मग हळूहळू सुधारत जाते. आत टणक सांगाडा तयार होतो आणि वरचा मऊ भाग त्याच्या आधाराने काम करतो. काही दगडांवर हे छान जमले. काही दगडांनी काही केल्या ऐकले नाही, आणि कुठला दगड ऐकेल हे आधी सांगणे कठीण. त्याच परंपरेत पुढे ॲल्युमिनेट सिमेंट मिसळून गोळ्या केल्या गेल्या. छिद्रे पडावीत म्हणून त्यांत वाळल्या पानांची पूड, चक्क पीठही घालून पाहिले. तापवल्यावर पीठ जळते आणि मागे पोकळी ठेवते. युक्ती चांगली, पण गोळ्यांतला सिमेंटचा भाग कार्बन पकडत नाही, नुसते वजन वाढवतो आणि बिल तर वाढवतोच.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे गवंडी हे ऐकून गालात हसले असते. घाण्यावर चुना मळताना त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचे पाणी घालायची रीत त्यांनी कुठल्याही अनुदानाविना पाळली. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, हे आता रसायनशास्त्रात पक्के आहे. हवेतला कार्बन सावकाश पीत तो गिलावा दगड होत गेला. पुढे सिमेंट आले, घाणे बंद पडले, आणि आता त्याच कृती जतनकामाच्या निविदांमध्ये तांत्रिक तपशील म्हणून परत आल्या आहेत.

अंड्याच्या टरफलांनीही पुनरागमन केले. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात लियांग-शिह फॅन यांच्या गटाने २००७ च्या सुमारास टरफलांपासून कार्बन पकडायची पद्धत मांडली. टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा सौम्य आम्लाने सोडवून घ्यायचा, कारण त्यातले कोलाजेन वेगळे विकता येते. टरफल भाजायचे आणि धुरात वापरायचे. स्टीफन्स बाईंना हे वाचायला मिळाले असते तर त्यांनी संसदेकडे फरकाची रक्कम मागितली असती.

एवढी औषधे निघाली, मग मोठ्या प्रकल्पात कुठले वापरले? स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात ला पेरेदा इथे ५० मेगावॉटच्या कोळसा केंद्राला १.७ मेगावॉट औष्णिक क्षमतेचा प्रायोगिक प्रकल्प जोडला गेला आणि २०१२ च्या सुमारास त्याने ९० टक्क्यांवर कार्बन पकडून दाखवला. जर्मनीत डार्मश्टाट इथे एक मेगावॉटचा होता. तैवानने सिमेंट कारखान्याशेजारी १.९ मेगावॉटचा उभारला आणि ‘जगातला सर्वांत मोठा’ ही पाटी ०.२ मेगावॉटने हिसकावून घेतली. आता मूळ प्रश्नाचे उत्तर. ला पेरेदात यशस्वी ठरली ती साधी, खाणीतून आणलेली, चिरडून चाळलेली चुनखडी. थकली की थोडी काढायची आणि ताजी टाकायची.

सगळ्या सुधारणांचा खरा शत्रू इथे सापडतो. तो शत्रू म्हणजे दगडाचा भाव. चुनखडी इतकी स्वस्त आहे की तिला सुधारण्यापेक्षा ती फेकून नवी आणणे परवडते. दहापट टिकणारा पदार्थ दहापटीहून महाग पडला की व्यवस्थापकाचा कॅल्क्युलेटर निर्णय देतो. निकामी चुना सिमेंट कारखान्याला कच्चा माल म्हणून चालतो, त्यामुळे फेकण्यातही नुकसान नाही. तैवानकरांनी शेजार सिमेंट कारखान्याचा का निवडला, ते वेगळे सांगायला नको. दगडावर निबंध लिहिणाऱ्यांची मोठी फौज भावाच्या या हिशेबापाशी येऊन खाकरते आणि पुढच्या स्लाइडवर जाते.

आपल्या देशात हा दगड वीजकेंद्रांच्या दारात येऊन परत गेला, तो किस्सा वेगळ्याच खात्याचा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांना गंधकाच्या धुराची मर्यादा घालून दिली. ती पाळायची तर बहुतेकांना पाण्यात कालवलेली चुनखडी फवारणारी यंत्रणा बसवावी लागणार होती. मुदती आल्या, वाढल्या, पुन्हा वाढल्या. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने सुमारे ७८ टक्के केंद्रांना त्यातून मोकळे केले. या सवलतीच्या बाजूने जे युक्तिवाद झाले त्यातला एक ऐकण्यासारखा. चुनखडी गंधक पकडते तेव्हा स्वतःतला कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे ही यंत्रणा हवामानाला वाईट! मुद्दा रसायनशास्त्राने बरोबर आहे. फक्त त्याच केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या कार्बनपुढे हा आकडा किती, ते कोणी त्याच दमात सांगितले नाही.

मराठवाड्यात कोळशाचे मोठे केंद्र परळीचे. तिथे कार्बन पकडायची भांडी बसवायची म्हटले, तर आधी भेटेल ती राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बऱ्याचदा ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. चुना गोल फिरत राहतो, राख त्यात साठत जाते, आणि उरलेसुरले गंधक चुन्याला कायमचे धरून बसते, त्याची सुटका त्या तापमानाला नाही. युरोपातल्या कोळशावर बसवलेले गणित इथे तसेच लागू होत नाही. आणि परळीला त्याहून जुनी अडचण आहे. २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले, ते कार्बनमुळे नव्हे, कोळशामुळे नव्हे, पाणी नव्हते म्हणून.

सध्याचा गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावचा. हेअरलूम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे वर्षाला जास्तीत जास्त १,००० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारे केंद्र सुरू केले. शशांक समाला हे तिच्या संस्थापकांपैकी एक. चुना विरवायचा, उंच रचलेल्या ट्रेमध्ये पसरायचा, उघड्या हवेत तीनेक दिवस ठेवायचा, मग विजेच्या भट्टीत भाजायचा. इथे प्रत्येक फेरीत चुना विरवला जातो आणि ट्रेमध्ये पूडच हवी असते. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये जो भुगा दोष होता, तो इथे गुण झाला. यामागच्या मंडळींनी २०२० मध्ये छापलेला मूळ निबंध मात्र चुन्यावर नव्हता, तो होता मॅग्नेशियावर. आधी मॅग्नेशिया, मग चुना. जोसेफ ब्लॅकने अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी याच क्रमाने विषय बदलला होता, फक्त त्याला गुरुजींची भीती होती आणि यांना खर्चाची.

महाराष्ट्रात चुनखडीचे खरे घर डोंगरकड्यापासून दूर, चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस ही सिमेंटची गावे. सिमेंटच्या कार्बनपैकी साधारण ६० टक्के इंधनातून येत नाही, तो थेट दगडातूनच सुटतो. उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा कार्बन सुटणारच. म्हणून बेल्जियममधल्या लिक्स इथे २०१९ मध्ये दगडाला हातच न लावता भट्टी बदलून पाहिली. बाहेरून तापवलेल्या नळीत दगड भाजायचा, म्हणजे त्याचा वायू इंधनाच्या धुरात मिसळत नाही आणि शुद्धच हाती येतो. दगड सुधारणाऱ्यांच्या मेळ्यात ही कल्पना जरा आगाऊ वाटते, कारण तिला त्यांची गरजच नाही.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत २०२२ पासून कार्बन पकडण्याचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आहे. तिथले काही संशोधक पकडलेला कार्बन दख्खनच्या बेसाल्टमध्ये कोंडून त्याचे खनिज करता येईल का, हेही तपासत आहेत, म्हणजे डोंगरकड्याच्या मातीत आपोआप जे झाले तेच, पण लवकर. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने सिमेंट उद्योगासाठी पाच चाचणी-केंद्रांची घोषणा केली. संस्था आणि सिमेंट कंपन्या जोडीने काम करणार आहेत. त्यांची मापे दिवसाला काही टनांची आहेत. थर्मोबॅलन्सच्या मिलिग्रॅमनंतर हा आकडा पाहिला की बरे वाटते, आणि एक मोठी सिमेंट भट्टी दिवसाला काही हजार टन सोडते हे आठवले की तितकेसे बरे वाटत नाही.

तर वाचकहो, पुढच्या वेळी ‘नव्या पदार्थाने ९० टक्के कार्बन पकडला’ अशी बातमी दिसली की चार प्रश्न विचारा. किती फेऱ्यांनंतर? भाजले ते कुठल्या वायूत? मिलिग्रॅममध्ये की टनांत? आणि खाणीतल्या साध्या दगडापेक्षा किती महाग? चारही उत्तरे बातमीतच मिळाली तर ती कापून ठेवा. आमच्या पाहण्यात अशा बातम्या फार थोड्या आल्या आहेत.